चूल, पऱ्हाटी आणि डोक्यावरचे ऊन
(बीड जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसावर बोलणे झाले, ज्वारीवर झाले, विम्यावर तर दोन तास झाले. आता मी चुलीवर बोलणार आहे म्हटल्यावर मागच्या रांगेतली काही मंडळी तंबाखू मळायला बाहेर निघाली. त्यांना माझी विनंती आहे, बसा. चूल हा बायकांचा विषय आहे असे आपण धरून चालतो आणि तिथेच आपला हिशेब चुकतो. चुलीत जे जळते ते तुमच्या रानातूनच येते. तुमच्या कापसातली गुलाबी बोंडअळी आणि तुमच्या घरातली चूल यांचे नाते आहे. ते मी आज मांडणार आहे आणि त्यानंतर आपोआप चालणाऱ्या सौर चुलीकडे येणार आहे. शेवटी तुमच्याकडून तीन निर्णय मागणार आहे.

कोंबडीची पेटी

आधी माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी सातवी-आठवीत होतो. कुठल्याशा योजनेतून आमच्या घरी सौर पेटी आली. पत्र्याची पेटी, आत चार काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. देणारे साहेब म्हणाले, "आता तुमच्या घरातला धूर गेला." आईने पहिल्या दिवशी डाळ-तांदूळ लावले. दुपारी काढले, तर डाळ लोण्यासारखी शिजलेली. आम्ही पोरे नाचलो. पंधरा दिवस कौतुक चालले. तीन महिन्यांनी त्या पेटीत कोंबडी अंड्यावर बसली होती.

पुढे मी परभणीला शेतकी शिकलो आणि गावोगाव हिंडू लागलो. अशा पेट्या मी किती घरांत पाहिल्या! कुणी त्यात बियाणे ठेवले होते, कुणी चपला. पुष्कळ अधिकारी यावर एकच निष्कर्ष काढायचे, की खेड्यातल्या बाईला सुधारणा नको असते. मी एकदा आईलाच विचारले. ती म्हणाली, "आरं, मी सकाळी आठला येचणीला जाते, दिवस मावळता येते. त्या पेटीचं तोंड दर घंट्याला उन्हाकडं कोण फिरवायचं? तुझी आज्जी का कुत्रं? आन् तिच्यात भाकर होती का?"

या चार वाक्यांत सौर चुलीच्या आराखड्याचे सगळे शास्त्र आहे. पेटीत बिघाड नव्हता, तिच्यामागचा हिशेब बिघडलेला होता. पेटी करणाऱ्याने उन्हाचा हिशेब केला, पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या दिवसाचा केला नाही.

हे दुखणे आजचे नाही

उन्हावर शिजवण्याची खटपट आपल्याकडे दीडशे वर्षे चालू आहे. मुंबईत इंग्रज सरकारच्या नोकरीत विल्यम ॲडम्स नावाचा एक गृहस्थ होता. त्याने लाकडाच्या आठ बाजूंच्या नरसाळ्याला आतून साधे आरसे लावले, मधे भांडे ठेवले, त्यावर काच घातली. त्यावर जानेवारी महिन्यात सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला, अशी त्याची नोंद आहे. १८७८ साली त्याने यावर पुस्तकही काढले. उष्ण देशात जळणाऐवजी सूर्याची उष्णता वापरा, असे त्याचे म्हणणे होते. पण त्याचेही नरसाळे सूर्य सरकेल तसे माणसाने फिरवावे लागे. शिपायांच्या छावणीत फिरवायला माणूस मिळतो. आपल्या घरात तो माणूस म्हणजे बाईच, आणि ती तर रानात असते.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने आरशाच्या तव्याची सौर चूल काढली. बाजारात ती चालली नाही. १९८० च्या दशकात पेटीच्या चुलीसाठी सरकारी अनुदाने आली. तिचे काय झाले ते तुम्ही आपल्या माळवदावर जाऊन बघा.

प्रत्येक वेळी अडचण तीच. सूर्य एका जागी थांबत नाही. ताशी पंधरा अंश सरकतो. चोवीस तासांत तीनशे साठ अंश, म्हणून ताशी पंधरा. त्याला शाळेतला भागाकार पुरतो. पेटीचे तोंड तास-दीड तासाने फिरवले तर चालते. आरशाच्या खोलगट तव्याचा झोत बारीक असतो, तो दर पंधरा-वीस मिनिटांनी फिरवावा लागतो. मग प्रश्न पडतो: चूल आपोआप सूर्यामागे फिरेल असे करता येईल काय?

घड्याळावर चालणारा तवा

करता येते आणि ते झालेही आहे. वोल्फगांग शेफलर नावाच्या जर्मन माणसाने १९८० च्या दशकात यावर काम केले. त्याचा पहिला नीट चालणारा तवा १९८६ साली उत्तर केनियात उभा राहिला. त्याची युक्ती साधी आहे. साध्या तव्यात भांडे तव्याबरोबर फिरते आणि बाईने उन्हात उभे राहून ढवळायचे. शेफलरच्या तव्यात भांडे जागच्या जागी राहते, फक्त आरसा फिरतो. आरसा बाहेर अंगणात, भिंतीला भोक, आणि झोत आत स्वयंपाकघरात चुलीच्या जागी येऊन पडतो. बाई सावलीत उभी राहून स्वयंपाक करते.

आरसा ज्या कण्यावर फिरतो तो कणा पृथ्वीच्या आसाला समांतर बसवायचा. बीडचा अक्षांश साधारण एकोणीस, म्हणून आपल्याकडे कण्याचा तिरपेपणा एकोणीस अंश. एवढे झाले, की आरशाला फक्त ताशी पंधरा अंशांची एकसारखी चाल द्यायची. ती पहिल्यांदा सायकलच्या भागांनी, लोंबत्या वजनाने आणि लंबकाच्या घड्याळाने दिली गेली. आता छोटी मोटर आणि वेळ लावायचे यंत्र वापरतात. दर काही दिवसांनी सूर्य उत्तरेला-दक्षिणेला सरकतो, तेव्हा आरशाचा कल आणि बाक हाताने थोडा बदलायचा. सकाळी आरसा पूर्वेला आणून ठेवायचा. बाकी दिवसभर तो आपला आपण फिरतो.

हे दूर देशीचे नवल नाही. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डीला साईसंस्थानच्या प्रसादालयात २००९ साली असे ७३ तवे बसवले गेले, प्रत्येक सोळा चौरस मीटरचा. त्यांच्या झोतावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा डाळ-भात शिजवायचा, अशी ती योजना होती. आपल्यापैकी कितीतरी जण पायी शिर्डीला गेले असतील, तिथे जेवले असतील. वरच्या गच्चीकडे कोणी पाहिले काय?

मी स्वतः एका वसतिगृहात असा एक तवा पाहिला आणि त्याचा शेवटही पाहिला. दोन हंगाम उत्तम चालला. मग मोटरचे कार्ड जळाले. कार्ड दुरुस्त करणारा माणूस आज येतो, उद्या येतो करत आला नाही. स्वयंपाकीण मावशी काही दिवस आरसा दोरीने ओढत होत्या. मग पहिल्या वळवाच्या वाऱ्यात तव्याची चौकट वाकली, कारण वादळाआधी तो बांधून ठेवायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आज तिथे लाकडे जळतात.

यातून दोन धडे घ्या. पहिला, जे हलते ते झिजते आणि मोडते. म्हणून हलणारी गोष्ट तिथेच बसवावी जिथे तिच्याकडे बघणारा पगारी माणूस आहे. दुसरा, ज्या यंत्राचा सुटा भाग केज किंवा गेवराईच्या बाजारात मिळत नाही, ते यंत्र फुकट मिळाले तरी महाग आहे.

घरासाठी हलणारा आरसा नको

म्हणून घरच्या चुलीसाठी माझे मत स्पष्ट आहे. घरी फिरणारा आरसा नको. घरी सौर पाटी हवी, जी छपरावर गप्प पडून राहते, आणि तिची वीज तारेने आत येते. ऊन फिरो, ढग येवो, बाईला काही फिरवायचे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी हे बोललो असतो तर तुम्ही हसला असता, कारण पाट्यांची किंमत श्रीमंतालाही झेपत नव्हती. आता त्या पाट्या तुमच्या विहिरीवर उभ्या आहेत.

याचेही नमुने झाले आहेत. विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात बांचा नावाचे आदिवासी खेडे आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने तयार केलेल्या सौर विजेच्या चुली तिथे २०१८ च्या सुमारास सगळ्या घरांत, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर घरांत बसल्या. छपरावर पाट्या, घरात बॅटरी आणि विजेची शेगडी. नंतर २०२२ साली इंडियन ऑईलने 'सूर्य नूतन' ही चूल दाखवली. तिच्यात बॅटरीऐवजी उष्णताच साठवून ठेवायची आणि ऊन नसेल तेव्हा घरची वीजही घ्यायची, अशी सोय आहे. दोन्हींमध्ये स्वयंपाक घरात, सावलीत होतो आणि बाईला सूर्याची चाकरी करावी लागत नाही.

पण आता आपला हिशेब करू. मी शेतकी शिकलेला माणूस आहे, हिशेबाशिवाय मला झोप येत नाही.

सहा माणसांच्या घरात डाळ, भात, भाजी मिळून पाण्यासकट पाच किलोचा ऐवज धरा. तो उकळीला आणायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. भांडे उघडे असेल तर दुप्पट लागेल. पण भांडे चांगल्या पेटीत दडपून ठेवले तर गळती धरून पाऊण युनिटात काम होते. आपल्या भागात चांगल्या उन्हाच्या दिवशी तीनशे वॅटची एक पाटी सव्वा युनिटच्या आसपास देते. म्हणजे एका पाटीवर डाळ-भात-भाजी होऊन थोडे गरम पाणीही उरते. इथवर गणित बसते. बॅटरीही लागत नाही.

आता भाकरी घ्या. ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायला तवा दोनशे अंशांच्या वर तापलेला लागतो. पेटीतली चूल शंभर-सव्वाशेच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून तिच्यात भाकरी होत नाही. माझी आई चुकली नव्हती! घरात दोन्ही वेळच्या मिळून तीस-पस्तीस भाकरी होतात. एका वेळच्या पंधरा-सोळा धरा, एकीला तीन-चार मिनिटे. म्हणजे हजार वॅटचा तवा जवळजवळ तासभर चालायला हवा, एक युनिट. आणि वेळ कोणती? पहाटे पाच आणि रात्री सात. त्या वेळी ऊन कुठे आहे? ती वीज साठवायची तर घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअरची मोठी बॅटरी लागेल. ती निम्मीच वापरायची असते, नाहीतर लवकर मरते. म्हणजे तिच्यावर जेमतेम एका वेळच्या भाकरी, आणि तीन-पाच वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च वेगळा.

म्हणून कोणी तुम्हाला म्हणाला, की ही सौर चूल घ्या आणि चूल-गॅस सगळे विसरा, तर त्याला पहाटे पाच वाजता घरी बोलवा आणि म्हणा, बाबा, एवढ्या पंधरा भाकरी करून दाखव.

मी सांगतो तो मार्ग मधला आहे. भाकरी गॅसवर किंवा चुलीवर राहू द्या. डाळ, भात, भाजी, शेंगा-घुगऱ्या, अंघोळीचे पाणी हे सगळे उन्हावर टाका. भाकरीला तासभर जाळ लागतो, बाकीच्या स्वयंपाकाला आणि पाण्याला मिळून त्याहून जास्त. जळण निम्म्यावर आले तरी धूर निम्म्यावर आला, सरपणाच्या खेपा निम्म्यावर आल्या आणि गॅसची टाकी दुप्पट दिवस गेली. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, टाकी घरोघर आली. पण कितीतरी घरांत ती पाहुण्यांच्या चहापुरतीच आहे, कारण दुसरी भरायला पैसे लागतात. पैसे वाचवणारी चूल असेल तरच ती टाकी भाकरीला परवडेल.

आपोआप म्हणजे काय?

'आपोआप' म्हटले की लोकांना मोटर, दिवे, बटणे आठवतात. मला आपोआप म्हणजे एवढेच हवे: बाईने सकाळी सात वाजता भांडे पेटीत ठेवावे, झाकण लावावे आणि वेचणीला निघून जावे. ऊन चढले की चूल आपली आपण तापावी. डाळ उकळली की इस्त्रीत असते तसल्या तापमान-बटणाने वीज तुटावी. पुन्हा थंड होऊ लागली की पुन्हा जोडली जावी. संध्याकाळी बाई घरी आली की डाळ गरम असावी आणि तिने फक्त भाकरी टाकाव्यात.

यात जपायच्या गोष्टी तीन. एक, अन्न कोमट राहता कामा नये. साठ अंशांच्या खाली तासन्‌तास राहिलेली डाळ आंबते आणि पोट बिघडवते. म्हणून पेटीची ऊब राखणारी भिंत जाड हवी. दोन, त्या भिंतीत कापूस किंवा भुसा भरू नका. तापणाऱ्या तारेजवळ तो पेटतो. आपल्या घरात फुकट मिळणारी चाळलेली कोरडी राख उत्तम, ती उष्णता धरते आणि पेटत नाही. तीन, भाग मोजके हवेत आणि तालुक्याला मिळणारे हवेत: पाटी, तार, तापणारी प्लेट, तापमान-बटण, फ्यूज. जो गावातला पोरगा पंपाचा स्टार्टर दुरुस्त करतो, त्याला ही चूल दुरुस्त करता आली पाहिजे. नाही आली, तर तो आराखडा नापास.

पावसाळ्यात काय? आभाळ असताना पाटी चौथाईही देत नाही. त्या दिवशी चूल पेटवा. आषाढ-श्रावणात ही चूल दगा देणार, हे आधीच धरून चला, म्हणजे नंतर शिव्या देण्याची पाळी येत नाही.

पऱ्हाटीचा खरा हिशेब

आता सुरुवातीला सांगितलेल्या नात्याकडे येतो. वेचणी संपली, की आपण पऱ्हाट्या उपटतो आणि घरामागे गंजी लावतो. वर्षभराचे सरपण झाले म्हणून समाधान वाटते. त्या गंजीत काय असते? झाडाला चिकटून राहिलेली किडकी, अर्धवट उमललेली बोंडे. त्या बोंडांत गुलाबी अळी झोपून राहते. उन्हाळा काढते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन तुमच्याच नव्या कापसावर येते. २०१७ साली राज्यभर गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुम्ही विसरलेला नाहीत. बियाण्यावर राग काढला, तो योग्यच होता. पण आपल्या परसातली गंजी मात्र आपण तशीच ठेवली. डिसेंबर-जानेवारीत कापूस मोडा, पऱ्हाटीची गंजी घराजवळ ठेवू नका, असे कृषी विद्यापीठे वर्षानुवर्षे सांगतात. आम्ही कृषी पदवीधरही हेच सांगत फिरलो. कुणी ऐकले नाही. का ऐकेल? गंजी हलवली तर वर्षभर चुलीत काय घालायचे, याचे उत्तर आमच्यापैकी एकानेही दिले नव्हते.

चुलीचा प्रश्न सोडवल्याशिवाय गुलाबी अळीचा प्रश्न सुटत नाही तो असा.

तीच गोष्ट शेणाची. गवरी जाळली की तिच्यातला नत्र धुरात जातो आणि सेंद्रिय कर्ब जळून जातो. राखेत थोडे पालाश-स्फुरद उरते तेवढेच. आपल्या मराठवाड्याच्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच तळाला गेला आहे. कोरडवाहू रानात जो ओलावा धरून ठेवतो तोच हा कर्ब. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की एकाची ज्वारी तग धरते आणि शेजाऱ्याची करपते, यातला पुष्कळसा फरक त्या शेणखताचा असतो. घरात शेण जाळायचे आणि दुकानातून युरिया आणायचा, हा धंदा तोट्याचा आहे. बऱ्या पावसाच्या वर्षी एकरी दहा क्विंटलच्या आसपास वाळलेली पऱ्हाटी निघते. ती यंत्राने बारीक करून रानातच कुजवली तर ती पुढच्या पिकाची कमाई आहे.

सगळी पऱ्हाटी एका दिवसात चुलीतून सुटणार नाही. भाकरीला थोडी लागेल. ती किडकी बोंडे झोडपून, बोंडे जाळून मग ठेवा. पण निम्मी जरी सुटली तरी तो पहिला विजय.

कोयत्यावर गेलेल्या घराचे काय?

मघाशी धारूरच्या एका ताईने मला विचारले, "दादा, आमी दिवाळीपसून कोयत्याला जातो. तुमची पाटी छपरावर, अन् आमी कारखान्याच्या कोपीत. आमाला काय उपेग?"

ताई, तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे गोड उत्तर माझ्याकडे नाही. कोपीवर पहाटे तीनला उठून अंधारात भाकरी भाजायच्या आणि फडात जायचे, तिथे ही चूल काही करू शकत नाही. तुमची पहाट हलकी करायची तर तो ऊसतोडीच्या दराचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न आहे, चुलीचा नाही.

पण तुमची लेकरे मागे राहतात. त्यांच्यासाठी गावात हंगामी वसतिगृह चालते आणि २०२१ नंतर संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांचीही योजना आली आहे. हंगामी वसतिगृह कोणत्या महिन्यांत चालते? दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत. आपल्याकडे आभाळ सगळ्यात निरभ्र कधी असते? त्याच महिन्यांत! तिथे पन्नास-साठ लेकरांचा स्वयंपाक एका जागी होतो, स्वयंपाकाला पगारी माणूस असतो, अंगण असते. घराला जो फिरणारा आरसा झेपत नाही, तो इथे झेपतो. आठ चौरस मीटरचा एक तवा चांगल्या उन्हात दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता देतो. त्यावर वीस लिटर पाणी तासाभरात उकळते. सकाळी दहा ते चारपर्यंत दोन्ही वेळची डाळ-भाजी-भात त्यावर निघू शकतो. संध्याकाळचे भांडे राखेच्या पेटीत दडपून ठेवले, की जेवणवेळेला गरम. त्याचा झोत लोखंडी तव्याखाली आणला तर भाकरीही होते, कारण तिथे तीनशे अंश सहज मिळतात. फक्त भाकरी उन्हाच्या वेळी करून ठेवाव्या लागतील.

तिथली मावशी धुरातून सुटेल आणि सरपणाचा पैसा लेकरांच्या दुधाला लागेल.

तीन निर्णय

म्हणून आज या बैठकीने तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली: प्रत्येक तालुक्यातून एक हंगामी वसतिगृह निवडायचे आणि शाळा समितीमार्फत तिथे घड्याळाच्या चालीचा तवा मागायचा. मागताना तीन अटी लेखी घालायच्या. चौकट तालुक्याच्या वेल्डरला दुरुस्त करता यावी, मोटर बंद पडली तर हाताने किंवा वजनावर चालवता यावी, आणि मावशीला वादळात तवा कसा बांधायचा हे शिकवल्याशिवाय पैसे चुकते होऊ नयेत. २०१४ ची गारपीट आठवा आणि आरशांवर ताडपत्रीची सोय आधी करा.

दुसरी: सौर पंपांची. २०१९ च्या कुसुम योजनेपासून आणि २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेपासून आपल्या विहिरींवर पाट्या उभ्या राहिल्या. तीन अश्वशक्तीच्या पंपाला तीन हजार वॅटच्या आसपास पाट्या असतात. फेब्रुवारीत विहीर आटली की त्या पाट्या जूनपर्यंत रिकाम्या उभ्या, आणि वर्षातले सगळ्यात कडक ऊन नेमके तेव्हाच! कुसुमच्या नियमांत सर्वोपयोगी नियंत्रकाची सोय आहे. त्यावर पंप बंद असताना कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवता येते. शेतवस्तीवर राहणाऱ्याची चूलही त्यावर का चालू नये? ही मागणी आपण लावून धरायची. पण कोणी स्वतःच्या हाताने पंपाच्या तारा सोडवून शेगडीला जोडू नका. त्या तारांत शेकडो व्होल्टचा एकेरी प्रवाह असतो, तो धरला की सोडत नाही. पंपाची हमीही जाते. मला तुमच्या चुली पेटलेल्या पाहायच्या आहेत, चिता नाहीत.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: राखेच्या पेटीची, एका पाटीची घरगुती चूल आपण तीन गावांत, प्रत्येकी दोन घरांत वर्षभर चालवून बघायची. खर्च सगळ्यांनी वर्गणीने उचलायचा. फुकट द्यायची नाही. फुकटच्या पेटीत कोंबडी बसते. हिशेबाची वही घरातल्या बाईकडे राहील. रोज काय शिजले, काय कच्चे राहिले, जळण किती वाचले, काय मोडले, ते तीच लिहील. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला सांगून लिहून घेईल. पुढच्या वर्षी याच बैठकीत त्या सहा जणी इथे या माइकवर येतील आणि आम्ही खाली बसून ऐकू. त्यांनी चूल नापास केली तर आपण ती सोडून द्यायची. त्यांनी पास केली तर गावात दुसरा कोणी सांगायला लागणार नाही.

कापूस पिकवायचा कसा हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. ऊनही आपल्याला कमी नाही. दुष्काळात पावसाने पाठ फिरवली, पण उन्हाने कधी फिरवली नाही. आजवर त्या उन्हाने आपली ज्वारी करपवली आणि माणसे शेकली. त्याला आता घरच्या कामाला जुंपायचे आहे. जुंपताना एवढेच बघा, की जू पुन्हा बाईच्याच मानेवर येत नाही ना.

तिन्ही ठराव मी मांडले आहेत. चर्चा सुरू करा, आणि पहिले बोलणे मायबहिणींचे होऊ द्या.